गोव्यात अपंगत्वाचा दाखला आणि सरकारी पेन्शन: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

आमच्या सत्तरी तालुक्यात पोफळीवरून पडून जायबंदी झालेला माणूस बहुतेक गावांत असतो. माझे काका त्यांपैकी एक. कुळागरात सुपारी काढताना एका पोफळीवरून दुसरीवर जायला झेपावले, हात सुटला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळातून त्यांना घरी आणलं त्या दिवशी काकी पडवीत बसून मला म्हणाली, "बाय, आता कुठे कुठे अर्ज करायचे ते तूच बघ."

मी बघितलं, पण उलट्या क्रमाने. आधी पेन्शनचा अर्ज घेऊन गेले. तिथे अपंगत्वाचा दाखला मागितला. दाखल्याच्या रांगेत उभी राहिले तर आधार कार्डावरचं आणि इस्पितळाच्या केसपेपरवरचं नाव जुळेना. नाव दुरुस्त होईपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. पहिला हप्ता जमा व्हायला सव्वा वर्ष गेलं आणि त्या सव्वा वर्षात काकीने दोन पाटल्या मोडल्या. तेव्हापासून आसपासच्या वाड्यांवर कुणाचाही अर्ज असला तर मी बरोबर जाते. ज्यांच्यावर ही वेळ नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी, कोणता कागद कशाआधी काढायचा ते इथे लिहिते आहे.

पैसे नेमके कुठून येतात

गोव्यात 'पेन्शन' म्हटलं की लोकांच्या मनात असते ती दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची ही योजना २००१ साली सुरू झाली आणि ती समाजकल्याण खात्याकडून चालते. साठी ओलांडलेले ज्येष्ठ नागरिक, विधवा आणि एकल महिला, अपंग व्यक्ती आणि एचआयव्हीबाधित रुग्ण असे तिचे गट आहेत. ज्येष्ठांसाठी महिना २००० रुपये हा पायाचा आकडा. मी पाहिलेल्या दरांत अपंग मुलांना २५०० रुपये आणि ज्यांचं अपंगत्व ९० टक्के किंवा त्याहून जास्त आहे त्यांना ३५०० रुपये होते. हे दर बदलतात, चालू आकडा खात्यात विचारून घ्या. अपंग गटात बसायला दाखल्यावर किमान ४० टक्के लागतात.

घरातला माणूस साठ वर्षांचाही असतो आणि अपंगही. अशा वेळी कोणत्या गटातून अर्ज करायचा हे आधी ठरवा. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांचा अर्ज सवयीने 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून भरला जातो, कारण वयाचा पुरावा हाताशी असतो आणि इस्पितळाच्या फेऱ्या वाचतात. पण अपंगत्व मोठं असेल तर त्या फेऱ्या मारलेल्या बऱ्या. वरच्या दरांनी ९० टक्क्यांच्या दाखल्यावर महिन्याला १५०० रुपयांचा फरक पडायचा, म्हणजे वर्षाला १८,०००.

कायद्यातली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ (तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला) याच्या २४व्या कलमात म्हटलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढी मदत मिळते त्यापेक्षा अपंग व्यक्तीला किमान २५ टक्के जास्त मिळावी. कलमाच्या सुरुवातीला 'सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, तरीही हिशेब साधा आहे: २००० च्या २५ टक्के जास्त म्हणजे २५००. मंजुरीचं पत्र हातात आलं की त्यावरची रक्कम या आकड्याशी ताडून बघा. कमी वाटली तर याच कलमाचा उल्लेख करून लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याचं उत्तरही तोंडीच मिळतं, आणि ते पुढे कुठे दाखवता येत नाही.

केंद्र सरकारची योजना वेगळी आहे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातली इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी असते, तिला ८० टक्के अपंगत्व लागतं आणि १८ ते ७९ वयापर्यंत केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५००. इतक्या वर्षांत तो ३०० चा आकडा हलला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ३०० रुपयांत महिन्याची डायपरसुद्धा येत नाहीत.

कामावर असताना अपघात झाला असेल तर आणखी दोन दारं आहेत, आणि ती विसरली जातात म्हणून इथे जरा थांबते. कुंडई, वेर्णा, पिसुर्ले, डिचोली अशा औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामाला असणाऱ्यांचं कार्ड बहुधा ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं असतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले (अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० आहे) या विम्यात येतात. कामावरच्या अपघाताने कायमचं अपंगत्व आलं तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात तिथून जन्मभर दरमहा पैसे मिळतात; पूर्ण अपंगत्व असेल तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के. त्यासाठी अपघाताची नोंद मालकाकडून लेखी झालेली हवी. मुकादम "आधी बरा हो, मग बघू" म्हणाला तरी घरच्यांनी त्याच आठवड्यात नोंद मागून घ्यावी.

दुसरं दार भविष्य निर्वाह निधीचं. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व येऊन नोकरी सुटली तर तिथल्या पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शनचा हक्क येतो. किमान रक्कम महिना १००० रुपये. माझ्या ओळखीतला एक मुलगा जेमतेम चौदा महिने कारखान्यात होता. आपल्याला तिथून काही मिळेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि बँकेचं पासबुक उघडा. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघातात दोन्ही डोळे गेले किंवा दोन्ही हात अथवा दोन्ही पाय निकामी झाले तर २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. काकांच्या वेळी हे १२ रुपये कापले जायचे. आम्ही ती नोंद दोन वर्षांनी पाहिली, तोवर दाव्याची मुदत कधीच उलटून गेली होती. काकीला मी ते सांगितलं नाही. तुम्ही मात्र अपघातानंतर पहिल्या महिन्यातच बँकेत जा.

पहिला कागद: अपंगत्वाचा दाखला

सगळं या एका कागदावर उभं आहे. १ जून २०२१ पासून हा दाखला फक्त केंद्राच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावरूनच निघतो आणि त्याबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र मिळतं. त्याआधीचा शिक्क्याचा कागदी दाखला जवळ असेल तर तो घेऊन त्याच संकेतस्थळावर नोंद करून घ्यावी लागते. घरी संगणक नसला तर पंचायतीत येणाऱ्या 'स्वयंपूर्ण मित्र' या सरकारी कर्मचाऱ्याकडे किंवा सेवा केंद्रावर अर्ज भरून मिळतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि इस्पितळाचे कागद लागतात. अर्जात इस्पितळ निवडायचं असतं. उत्तरेकडच्यांना म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, दक्षिणेकडच्यांना मडगावचं, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. मानसिक आजारासाठी बांबोळीचीच मनोरुग्ण संस्था. निवडण्याआधी तिथे फोन करून विचारा की तुम्हाला लागणारे तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात. केरी किंवा काणकोणहून अंथरुणावरचा माणूस गाडी करून न्यायचा आणि 'डॉक्टर आज नाहीत' ऐकून परत आणायचा, हे त्या माणसाला फार लागतं. पैशाचं नुकसान नंतर आठवतं.

नियमाप्रमाणे अर्जापासून तीन महिन्यांच्या आत दाखला मिळायला हवा. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलले, त्याआधी ही मुदत एक महिना होती. अर्ज क्रमांक जपून ठेवा. बोलावणं येऊनही तुम्ही तपासणीला गेला नाहीत आणि अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर तो बाद होतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीला जाताना माणसाची सगळी फाइल न्या: पहिला डिस्चार्ज कागद, एमआरआय, एक्सरे, कानाची तक्रार असेल तर ऑडिओग्राम, लहान मुलासाठी बेरा ही ऐकण्याची चाचणी, मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांकाचा अहवाल. घरातल्या ज्या माणसाला रोजची अवस्था माहीत आहे त्यानेच बरोबर जावं. आमच्याकडे पुरुषमाणूस जातो आणि अंघोळ, संडास, भरवणं हे सगळं करणारी बाई घरी राहते. डॉक्टरांनी विचारलं, "स्वतःचे कपडे घालतो का?" तर भाऊ म्हणतो, "घालतो." घालत नाही, वहिनी घालते. आजारी माणूसही परक्यासमोर लाजेने "जमतं मला" म्हणतो. तिथे खरं सांगा. वाढवून नको, लपवूनही नको.

टक्के कसे ठरतात

कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. हातपाय, दृष्टी, श्रवण हे सगळ्यांना माहीत. पण सेरेब्रल पाल्सी, बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, स्नायूंचा ऱ्हास, ॲसिड हल्ला, स्वमग्नता, लिहिण्या-वाचण्यातली विशिष्ट अडचण, मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल हेही त्यात आहेत. डायलिसिसवरचा रुग्ण, कर्करोग किंवा मधुमेह या यादीत नाहीत. मात्र मधुमेहाने पाय कापावा लागला तर त्या पायाचं अपंगत्व धरलं जातं. हे आधी समजून घ्या, नाहीतर डायलिसिसच्या माणसाला तपासणीच्या डॉक्टरांसमोर नेऊन रिकाम्या हाताने परत यावं लागतं.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के धरतात. म्हणजे ४० ची रेघ ओलांडत नाही. ऐकणाऱ्याला हे अन्यायाचं वाटतं आणि मलाही वाटतं, पण नियम आज असा आहे.

दोन अपंगत्वं एका माणसाला असली तर लोक बेरीज करतात. पायाचे ५० आणि कानाचे ३०, म्हणजे ८०! तसं होत नाही. सूत्र असं आहे: मोठा आकडा तसाच ठेवायचा, ९० मधून तो वजा करायचा, उरलेल्याला छोट्या आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. ५० आणि ३० चं उत्तर येतं साधारण ६३. घरी हा हिशेब करून गेलात तर दाखल्यावरचा आकडा बघून धक्का बसणार नाही, आणि दुसरं अपंगत्व मोजायचं राहून गेलं असेल तर तेही तिथल्या तिथे कळेल. राहून जातंच. माणूस पायासाठी गेलेला असतो, कानाबद्दल कुणी बोलत नाही. अर्ज भरतानाच दोन्ही प्रकारांवर खूण करा.

कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरं कार्ड आलं म्हणजे पेन्शन नाही. टक्के कमी लागले असं वाटलं तर कायद्याच्या ५९व्या कलमाखाली अपील करता येतं. रागाने कार्ड कपाटात टाकून बसू नका, नवे अहवाल जोडून अपील करा.

आता ज्या गोष्टीने आमचे चार महिने खाल्ले ती. दाखल्यावर 'तात्पुरता' लिहिलंय की 'कायम', ते वाचा. काकांचा पहिला दाखला तात्पुरता होता, कारण अपघाताला फार दिवस झालेले नव्हते आणि सुधारणा होईल का हे बघायचं होतं. त्यावरची तारीख आमच्यापैकी कुणीच वाचली नाही. तारीख उलटली, मदत थांबली, आणि आम्ही बँकेत भांडत बसलो. चूक आमची होती. लकवा, डोक्याला मार, लहान मुलांचे आजार यांत पहिला दाखला बहुधा तात्पुरताच मिळतो. वाचन-लेखनाच्या अडचणीचं तर ठरलेलंच आहे, आठव्या वर्षानंतर पहिली तपासणी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या तीन-चार महिने आधी नव्या तपासणीचा अर्ज करा.

दुसरा कागद: नाव

गोव्यात नावाचा घोळ खास आपला आहे. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाईकमध्ये क्यू अक्षर येतं (Naique), आधारवर के. गावकर एकीकडे सी, दुसरीकडे के. वडिलांचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. बायकांचं तर विचारूच नका. जन्मदाखल्यावर माहेरची शांती, लग्नात नाव बदललं म्हणून रेशनकार्डावर सुनंदा, आणि बँकेत तिसरंच काही. तिकडच्या टेबलावर बसलेल्या माणसाला या तीन बाया दिसतात.

म्हणून दाखल्याच्या अर्जाआधी सगळे कागद जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव एका वहीत जसंच्या तसं उतरवा. आधार हा पाया धरा. स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र चालतं. नोटरीकडे ते एका दिवसात होतं. नावच वेगळं असेल तर लग्नाचा दाखला शोधा, तो दोन नावांमधला पूल असतो. जन्मतारखेतला फरक मात्र प्रतिज्ञापत्राने सुटत नाही, ती आधारवर दुरुस्त करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. बँकेच्या खात्याचं नावही याच वेळी बघा, खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघा. संयुक्त खात्यापेक्षा त्या माणसाच्या स्वतःच्या नावाचं खातं बरं.

निवास आणि उत्पन्न

दयानंद योजनेला गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. निवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो, अर्ज 'गोवा ऑनलाइन' वरून करता येतो. तलाठ्याचा अहवाल जातो, मग दाखला येतो.

दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूरहून लग्न होऊन आलेल्या सुना आणि कामासाठी आलेली कुटुंबं इथे अडकतात. पंधरा वर्षं मोजून दाखवायची असतात. मतदारयादीत नाव कधी आलं, मुलांचा शाळेत प्रवेश कधीचा, घरपट्टीच्या पावत्या, विजेची जुनी बिलं, आरोग्य केंद्रातलं बाळंतपणाचं कार्ड, जे जे जुनं आहे ते सगळं काढा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांकडे विजेचं बिल मालकाच्या नावाचं असतं, त्यांच्यासाठी शाळेचा दाखला सगळ्यांत उपयोगी पडलेला मी पाहिला आहे. पंधरा वर्षं भरत नसतील तर दयानंदचा अर्ज करून फेटाळून घेऊ नका. यूडीआयडी कार्ड मात्र लगेच काढा. ते देशभर चालतं, त्याला पंधरा वर्षांची अट नाही.

उत्पन्नाचा नियम नीट समजून घ्या. योजनेच्या मूळ नियमात कुटुंबाचं दरडोई वार्षिक उत्पन्न मदतीच्या वार्षिक रकमेपेक्षा कमी हवं असं धरलं होतं. म्हणजे २००० रुपये महिन्याच्या हिशेबाने वर्षाला २४,००० दरडोई. घरात पाच माणसं आणि वर्षाचं एकूण उत्पन्न १ लाख १० हजार असेल तर दरडोई २२,००० येतं, माणूस बसतो. तेच घरात तीनच माणसं असतील तर ३६,००० च्या वर जातं आणि बसत नाही. अशा मर्यादा सरकार अधिसूचनेने बदलतं, म्हणून अर्जासोबतच्या चालू सूचनेतला आकडा घ्या. पण दरडोई आणि एकूण यांतला फरक डोक्यात ठेवा, कारण अनेकजण मुलाचा पगार ऐकूनच "आपल्याला नाही मिळायचं" म्हणून अर्जच करत नाहीत. वेगळ्या चुलीवर राहणारा मुलगा रेशनकार्डावर अजून एकत्र असेल तर ते आधी वेगळं करा. खरोखर वेगळा राहत असेल तरच. खोट्या दाखल्यावर घेतलेले पैसे परत वसूल होतात आणि मग ते फेडायला त्या घरात काहीच नसतं.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यांत शेवटी काढा. त्याची मुदत सगळ्यांत कमी असते, आणि मी केली ती चूक नेमकी हीच.

अर्ज

या टप्प्यावर आलात तर उरलेलं काम थोडं आहे. पणजीत समाजकल्याण खात्याकडे अर्ज जातो. फॉर्म, दाखले, आधार, रेशनकार्ड, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद फक्त दाखवायला न्या. पोचपावती घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. पैसे घेऊन 'लवकर करून देतो' म्हणणारे भेटतील. मंजुरी तेवढीच लवकर किंवा तेवढीच उशिरा होते, त्यांच्या हातात काही नसतं.

महिना-दोन महिने काही कळलं नाही तर पोचपावतीवरचा क्रमांक लिहून लेखी विचारणा करा. तरीही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना त्याची फी लागत नाही. अपंग व्यक्तीला हक्क नाकारला जातोय असं दिसलं तर गोव्यात राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे साध्या कागदावर तक्रार करता येते. मी दोनदा एका कुटुंबासाठी तशी तक्रार लिहिली आहे. भाषा मराठी होती, कुणी इंग्रजी मागितलं नाही.

पैसे सुरू झाल्यावर

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात. मरण पावलेल्यांच्या खात्यात पैसे जात राहू नयेत म्हणून ही सोय आहे. बँकेत जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी आधी फोन करून घरी येऊन पडताळणी होईल का ते विचारा, खाटेवरचा माणूस रिक्षात घालून नेण्याआधी. खातं बदललं, पत्ता बदलला, आधारचा मोबाइल क्रमांक बंद पडला की लगेच कळवा. बहुतेक थांबलेले हप्ते मी पाहिले ते बंद मोबाइल क्रमांकामुळे.

नवरा गेल्यावर गृहआधार घेणाऱ्या बाईची परिस्थिती बदलते. गृहआधार ही गृहिणीसाठी महिना १५०० रुपयांची मदत आहे, ती महिला व बालकल्याण खात्याकडून येते. विधवेचा हक्क दयानंद योजनेतल्या वेगळ्या गटातला आहे, म्हणून मृत्यूचा दाखला मिळाला की दोन्हीकडे कळवून नव्याने अर्ज करावा. दिवसकार्य होईपर्यंत थांबा, पण वर्षश्राद्धापर्यंत नको.

औषधपाण्यासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असू द्या. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' नावाचा एक लाखाचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. गोव्यात थेरपी महाग आहे, तेव्हा हे कार्ड आधी काढा.

मूल अठरा वर्षांचं होण्याआधी

शेवटची ही गोष्ट ज्यांच्या घरात बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल आहे त्यांच्यासाठी. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने ते मूल सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक सही मागते. सही येत नसेल तर खात्यातले पैसे काढता येत नाहीत, मग ते महिन्यामागून महिने तिथेच साठत राहतात. साखळीजवळच्या एका आईचं असंच झालं. पासबुकात पैसे होते, मुलीची औषधं उधारीवर.

यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. आईवडीलच अर्ज करू शकतात, किंवा भाऊ-बहीण, नातलग, नोंदणीकृत संस्था. मुलाचं यूडीआयडी कार्ड, वयाचा पुरावा, होणाऱ्या पालकाचे कागद आणि त्याची संमती लागते. समिती घरी येऊन किंवा बोलावून चौकशी करते, त्याला महिने लागतात. सतराव्या वाढदिवसानंतर कागद जमवायला लागा म्हणजे अठरा पूर्ण होताच अर्ज देता येईल. त्याच सुमाराला मुलाचा दाखला 'तात्पुरता' आहे का तेही बघा आणि दयानंद योजनेतली त्याची नोंद लहान मुलाच्या गटातली असेल तर ती पुढे कशी चालू राहील हे खात्यात लेखी विचारून ठेवा.

आईवडील दोघेही थकले असतील तर तिसऱ्या माणसाचं नाव आताच ठरवा आणि त्या माणसाला फाइल कुठे ठेवली आहे ते दाखवा. आमच्या घरी काकांची फाइल देवघराखालच्या पेटीत असते. काकीने चुलत भावाच्या बायकोला ती दोनदा उघडून दाखवली आहे, कोणता कागद कुठल्या पिशवीत ते सांगून.